खंडेनवमीचे तेल

बेडकी हे नाव गाडीला गावाने दिले. दोन दारे, दोनच माणसांची जागा, जमिनीला पोट टेकेल इतकी बसकी, रंग लाल, आणि दिवे लावले की बॉनेटच्या दोन्ही कडांवर उघडणारे दोन डोळे. जपानी बनावटीची ती जुनी स्पोर्ट्स कार पुण्याच्या एका बांधकाम व्यावसायिकाने जमिनीच्या व्यवहारात माझ्या वडिलांच्या गळ्यात मारली होती. वडिलांना आम्ही नाना म्हणत असू. पंचायत समितीचे माजी सदस्य, उसाचे बागायतदार, आणि उंच जीपमध्ये बसून दोन्ही बाजूंचे रामराम घेत जाण्याची सवय असलेले. बेडकीत बसल्यावर लोक त्यांच्याकडे खाली वाकून बघू लागले. नानांनी ती दोनदाच चालवली. दुसऱ्या वेळी युसूफ वडगावच्या बाजारात गतिरोधकावर पोट अडकून ती मधोमध थांबली आणि भाजीवाल्यांनी हसत हसत उचलून पुढे सरकवली. त्या दिवशी संध्याकाळी नानांनी तिच्यावर ताडपत्री टाकली आणि पुण्याच्या माणसाला परत घेऊन जाण्याविषयी निरोप धाडला. तो माणूस दसऱ्यानंतर बघतो म्हणाला. मधले महिने आम्हाला मिळाले.

आम्ही म्हणजे मी आणि माझा चुलतभाऊ संभा. मी अंबाजोगाईला मेकॅनिकलचा डिप्लोमा करून घरी आले होते आणि पुढे काय, हा प्रश्न घरात कोणी मोठ्याने विचारत नव्हते. संभा आमच्याकडेच वाढला. ट्रॅक्टरची दुरुस्ती तो शेडमध्ये स्वतः करायचा आणि काम करताना अखंड बोलायचा. शेड घराला लागूनच होते. एका बाजूला दोन ट्रॅक्टर, नांगर, पेरणीची पाभर, कडब्याची कुट्टी करण्याचे यंत्र. दुसऱ्या बाजूला ताडपत्रीखाली बेडकी. सकाळी आईच्या भाकरीच्या थापा भिंतीपलीकडून ऐकू येत आणि त्या थांबल्या की आम्ही हातातले पाने खाली ठेवून हात धुवायला जात असू. आईला आम्ही बाई म्हणायचो. तिला गाडीचे वावडे नव्हते. फक्त ग्रीसचे हात तिने कधी परातीजवळ येऊ दिले नाहीत. ज्वारीची भाकरी, तुरीच्या डाळीची आमटी, कारळाची चटणी ती दाराच्या चौकटीपर्यंत आणून ठेवायची आणि आम्ही तिथेच उकिडवे बसून जेवायचो. आजही इंजिन ऑइलचा वास आला की मला कारळाची चटणी आठवते. याचे काही स्पष्टीकरण देता येत नाही. नोंद म्हणून लिहिते आहे.

गाडी नुसती चालू करणे सोपे गेले. नवी बॅटरी, स्वच्छ टाकी, नवे रबरी पाइप, आणि ती पहिल्याच आठवड्यात बोलू लागली. तेवढ्यावर थांबलो असतो तर हे प्रकरण लिहावे लागले नसते. केजच्या इंटरनेट कॅफेत सुट्या भागांची माहिती शोधताना अशा गाड्या बाळगणाऱ्यांची एक जमात मला सापडली आणि तिच्याकडून ट्रॅक डे हा शब्द कळला. ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. बंदिस्त डांबरी ट्रॅकवर आपापली गाडी आणायची, गटागटाने फेऱ्या मारायच्या, गाडी आणि आपण किती पाण्यात आहोत ते दिवसभरात समजून घ्यायचे. असा एक दिवस दसऱ्यानंतरच्या रविवारी पुण्याच्या पलीकडे होणार होता. ट्रॅकवर इंजिनापेक्षा आधी उष्णता माणसाला हरवते, असे ती सगळी मंडळी सांगत. म्हणून आम्ही जाड रेडिएटर बसवला, ब्रेकचे जुने काळे पडलेले तेल काढून नवे भरले, झिजलेली रबरे बदलली, चांगले टायर घातले. शेवटी पुढच्या चाकांसाठी खाचा पाडलेल्या नव्या डिस्क आणि ट्रॅकसाठी बनवलेले पॅड मागवले. डिस्क म्हणजे चाकामागची लोखंडी तबकडी. पायाने ब्रेक दाबला की दोन्ही बाजूंनी पॅड तिला आवळतात. त्या दोघांच्या मध्ये तेलाचा थेंबही चालत नाही. पार्सल एसटीने बीडपर्यंत आले आणि तिथून संभाने ते नेकनूरमार्गे मोटारसायकलवर, पोटाशी धरून आणले.

नानांना विचारायचे काम माझ्याकडे आले. ते ओट्यावर पेपर वाचत होते. मी सगळे सांगितले. त्यांनी पेपर खाली घेतला नाही.

"चालवनार कोन?" 

"संभा."

"संभ्याला बसवून बघ एकदा तिच्यात," नाना म्हणाले.

ते असे का म्हणाले ते हेल्मेट आल्यावर कळले. संभा सहा फुटांच्या वर होता. नुसता बसला तर केस छताला लागत. हेल्मेट घालून बसला तेव्हा मान खांद्यावर पडली आणि त्याला फक्त उजवीकडची खिडकी दिसू लागली. सीट खाली घेतली, उशी काढली, शेवटी सीटचा सांगाडाच उरला. काहीही फरक पडला नाही. तो तसाच वाकड्या मानेने म्हणाला, "शैले, सगळी वळनं उजवीकडं असतील तर मी चालवतो." मग हेल्मेट काढून त्याने माझ्या डोक्यावर ठेवले. मला ते नीट बसले. मी ट्रॅक्टर बारावीपासून चालवत होते, बेडकी दोन महिने. निर्णय तिथेच झाला आणि नानांना दुपारी कळवण्यात आला.

"जा," नाना म्हणाले. "पन ऐक. बेडकी आपल्या चाकावर जाईल आन् आपल्या चाकावर घरी येईल, तर राहू दे शेडात. टोचन लावून आनायची पाळी आली, तर तिथूनच ती पुन्याला जाईल. मी हासं करून घेनार न्हाई आता." 

टोचन म्हणजे बंद पडलेले वाहन दोरीने ओढत नेणे. आमच्या भागात एखाद्या घराची गाडी टोचन लावून गावात आली की ती गोष्ट वर्षभर पुरते. नानांच्या बोलण्यात राग नव्हता, अट होती, आणि त्यांनी घातलेली अट ते मोडत नसत. मीही मान हलवली. तेव्हा तरी ती गाडी गेली तर माझ्याकडे नेमके काय उरेल, हे मला सांगता आले नसते. सकाळी उठण्याचे कारण, एवढेच आता लिहिता येते.

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी आम्ही नव्या डिस्क आणि पॅड बसवले. तोवर रात्र झाली आणि चाके लावायची राहिली; खंडेनवमीला अवजाराला हात लावायचा नसतो. त्या दिवशी अवजारांनी काम करायचे नाही, पूजा घ्यायची. गाडी पुढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली, चाके बाजूला, डिस्क उघड्या. आमच्या घरी ही पूजा नाना स्वतः करत. आंघोळ करून, उघड्या अंगावर उपरणे घेऊन ते शेडमध्ये जात. नांगराचा फाळ, विळे, कुऱ्हाडी, पाभरीचे फण धुऊन पुसलेले असत. नाना प्रत्येकाला आधी घाण्याचे करडईचे तेल चोळत, मग हळदकुंकू, मग झेंडूचे फूल. नुसते लोखंड उघडे राहू द्यायचे नाही, गंज धरतो, हे त्यांनी त्यांच्या वडिलांकडून घेतले होते. मी त्या सकाळी बाईच्या हाताखाली पुरण वाटत होते. शेडमधून घंटेचा आवाज आला, उदबत्तीचा वास आला, आणि नाना परत यायला नेहमीपेक्षा उशीर झाला. बाई म्हणाली, "आज लईच येळ लागला ह्यान्ला." आम्ही दोघींनी त्यावर विचार केला नाही.

दसऱ्याच्या सकाळी मी शेडमध्ये जाईपर्यंत संभाने चाके लावून गाडी खाली उतरवली होती. सीमोल्लंघन म्हणून ती गावाबाहेर फिरवून आणायची आणि नव्या पॅडला डिस्कची सवय करायची, असे ठरले होते. संभा मान वाकडी करून शेजारी बसला. ओढ्याच्या पुलाअलीकडच्या सरळ रस्त्यावर मी वेग घेतला आणि ब्रेक दाबला. पाय दगडावर टेकल्यासारखा घट्ट झाला. गाडी तशीच पुढे गेली. पुन्हा दाबला, तेच. पुलाचा कठडा स्पष्ट दिसू लागला. मी गिअर खाली आणला, हँडब्रेक ओढला आणि उरलेल्या वेगासह उजवीकडच्या तुरीच्या वावरात गाडी घातली. तूर कमरेएवढी होती. तिने आम्हाला थांबवले. इंजिन बंद पडल्यावर शांतता झाली आणि पुढच्या चाकांमधून पांढरा धूर वर आला.

"शैले," संभा म्हणाला, "कोन भजी तळायलंय?"

वास खरोखरच भज्यांचा होता. पुढे मी वृत्तपत्रात बरीच वर्षे काढली; अपघाताच्या बातमीत आम्ही 'ब्रेक निकामी झाल्याने' इतकेच लिहितो आणि ब्रेक कशाने निकामी झाला ते पोलिसांवर सोपवतो. तिथे पोलिसांची गरज नव्हती. धूर विरून चाक निवल्यावर मी फटीतून बोट घातले. डिस्क तुळतुळीत होती. बोटावर करडईचे तेल आणि त्यात विरघळलेले कुंकू आले.

"मला वाटलं नवी हाय म्हनून चकाकायलीय," संभा म्हणाला. "कुंकू तेवढं पुसलं मी."

नानांनी तेल नुसते लावले नव्हते. डिस्कच्या दोन्ही बाजूंनी, पॅडच्या आतपर्यंत, बोट जाईल तिथवर चोळले होते. उशीर त्याचा होता. गाडी आम्ही गुपचूप घरी आणली, पहिल्या गिअरमध्ये. डिस्क पेट्रोलने धुऊन निघाल्या. पॅड मात्र तेल पितात. संभाने ते धुतले, उन्हात ठेवले, शेवटी चुलीवर भाजले; गार झाले की त्यांना पुन्हा घाम फुटल्यासारखे तेल वर येई. नवे पॅड मागवायला वेळ उरला नव्हता. मला फार राग आला होता आणि तो घेऊन मी ओट्याकडे निघाले. बाईने मला स्वयंपाकघराच्या दारातच अडवले. तिला सगळे कळले होते, कारण वास तिच्यापर्यंत आला होता आणि तो वास तिच्याइतका कोणाला ओळखू येणार?

"काय सांगनार हाईस त्यान्ला?"

"जे झालं ते."

"त्यान्नी हात लावलाय का कधी त्या गाडीला, ताडपत्री टाकल्यापासून?" बाई हलक्या आवाजात म्हणाली. "काल नांगराच्या आधी तिची पूजा केली. रातीला त्यान्नीच सांगितलं मला. डबा अर्धा मोकळा केला तिच्यावर. आता तुमच्या हातानं बिघडली म्हनलीस, तर पुन्हा लावतील का हात? तुला गाडी नीट करता येती ना? मग कर की."

मी परत शेडमध्ये गेले. संभाला म्हणाले, नानांना सांगायचे नाही. तो म्हणाला, "मी कशाला सांगू गं? मला जीव प्यारा हाय."

जुने पॅड डब्यात होते. अर्धे झिजलेले, पण कोरडे. ते साध्या रस्त्यासाठी होते. सतत दाबत राहिले की तापतात, आणि तापले की पकड सोडतात. म्हणजे एकच उपाय होता. त्यांना तापू द्यायचे नाही. गाडीच्या नाकापासून डिस्कपर्यंत वारा पोचवायचा. फवारणीच्या ब्लोअरला असतो तसा घड्यांचा जाड पाइप आमच्याकडे पडून होता, तो दोन तुकड्यांत कापला. पुढच्या बंपरखाली वारा तोंडात घेणारे नरसाळे हवे होते. संभाने इकडेतिकडे बघितले आणि करडईच्या तेलाचा रिकामा झालेला पत्र्याचा डबा उचलला. त्याच्या दोन बाजूंची दोन नरसाळी झाली. कात्री आणि रिबिटांच्या कामात दोन दुपारी गेल्या. रंग द्यायला वेळ नव्हता, त्यामुळे डाव्या नरसाळ्यावर करडईच्या फुलाचे अर्धे चित्र तसेच राहिले.

शनिवारी निघालो. पुढे बेडकी, मागे जीप. जीपमध्ये नाना, आणि बाईने दिलेले धपाटे, शेंगदाण्याची चटणी, घट्ट दह्याचा डबा. नाना येणार हे आदल्या दिवसापर्यंत माहीत नव्हते. अट घातली आहे तर बघायला नको का, एवढेच ते म्हणाले. जीप संभा चालवत होता आणि प्रत्येक गतिरोधकाला दोन फळ्या घेऊन उतरत होता. फळ्या लावायच्या, मी हळू चढायचे, फळ्या उचलायच्या. ऊसतोडीला निघालेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा रस्त्याला लागल्या होत्या. सामान, पोरे, कोंबड्या, वर गाठोड्यांवर बसलेल्या बाया. त्यांच्यातला एकजण ओरडला, "ओ ताई, गाडी बसली का उभी हाय?" नानांनी जीपमधून डोके बाहेर काढून उत्तर दिले, "चालायली की बाबा, बघ तरी." नाना बेडकीच्या बाजूने बोलले, असे मी ऐकलेले ते पहिले वाक्य.

ट्रॅकवर आमच्या शेजारी पुण्याची एक पांढरी परदेशी गाडी उभी होती. ती उघड्या ट्रकवर चढवून आणलेली; सोबत एकसारखे शर्ट घातलेले दोन मेकॅनिक. तिचा मालक सभ्य होता. बीडहून चालवत आणली, याची त्याने दोनदा विचारून खात्री करून घेतली. तपासणीसाने आमचे टायर बघितले, बॅटरी हलवून बघितली, मग खाली वाकून डाव्या नरसाळ्यावर टिचकी मारली.

"हे काय आहे?"

"ब्रेकला वारा," मी म्हणाले.

त्याने ते ओढून बघितले. निघाले नाही. त्याने बरोबरची खूण केली. नाना मागेच उभे होते. तपासणीस गेल्यावर ते वाकले, चष्मा सावरून फुलाचे चित्र बघितले. "ह्यो आपला डबा न्हवं?"

"व्हय, नाना."

"त्येलाचा?"

"व्हय."

त्यांनी हूं म्हटले आणि ते जीपच्या सावलीत जाऊन बसले.

सकाळच्या फेऱ्यांत सगळे मला मागे टाकून गेले. मी सरळ रस्त्याच्या शेवटी इतरांच्या बऱ्याच आधी ब्रेक लावत होते, एकदाच, जोरात आणि थोडा वेळ. मग पाय पूर्ण उचलून पॅडना वारा खाऊ देत होते. दोन जोराच्या फेऱ्या झाल्या की एक सावकाश. गाडीत येणारा प्रत्येक वास मी ओळखून बाजूला ठेवत होते. रबर, गरम पाणी, डांबर. भज्यांचा वास आला नाही. वळणाच्या पलीकडे आधीच नजर टाकायची, हे तिथले प्रशिक्षक सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होते. ते मला वेगळे शिकावे लागले नाही. आमच्या रस्त्यांवर वळणापलीकडे म्हैस असते.

दुपार झाली तसे चित्र बदलले. ऊन चढले आणि सकाळी उशिरा ब्रेक लावणाऱ्यांचे ब्रेक दमू लागले. कोणी वळण सोडून मातीत गेले, कोणी लवकर आत आले. पांढऱ्या गाडीच्या चाकांतून धूर निघाला. तिचे पेडल तळापर्यंत जाऊ लागले आणि तिला परत ट्रकवर चढवण्यात आले. संभा जीपच्या टपावर उभा राहून हे बघत होता. "त्याला टोचन लागलं, नाना! पुन्याच्या गाडीला!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की मला ते हेल्मेटमधून, पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या थांब्यावर, उभ्या गाडीत ऐकू आले. शेवटच्या सत्रात मी सावकाश फेऱ्या सोडून दिल्या. पेडल सकाळइतकेच घट्ट होते. सरळ रस्त्यावर इंजिन खालपासून वरपर्यंत एका सुरात चढत गेले, ब्रेकची खूण आली, गाडी नाक खाली घालून बसली, वळली आणि बाहेर पडली. सकाळी मला मागे टाकून गेलेल्यांनी एकामागून एक हात बाहेर काढून मला वाट दिली. मी प्रत्येकाला हात दाखवला. मी गाडीत एकटीच हसत होते, हे संभाने नंतर सांगितले. बंद काचेतून त्याला ते कसे दिसले, ते त्यालाच माहीत.

झेंडा पडल्यावर संयोजकांनी सांगितले, कोणाला घरच्यांना एक सावकाश फेरी घडवायची असेल तर घडवा. मी काही म्हणायच्या आत नाना उठले. टोपी काढून त्यांनी संभाच्या हातात दिली, कोणाकडून तरी उसने आणलेले हेल्मेट घातले, धोतराचा सोगा आवरला आणि पाय आधी की डोके आधी, यावर थोडा विचार करून ते आत बसले. मी सावकाश निघाले.

"एवढ्या हळू चालवायला बीडाहून आनली का?" नाना म्हणाले.

मग मी हळू चालवली नाही. सरळ रस्त्याच्या टोकाला ब्रेक दाबला तेव्हा नानांचे दोन्ही हात डॅशबोर्डवर गेले आणि तोंडातून "आरं माझ्या मर्दा" निघाले. ते मला उद्देशून होते की गाडीला, हे मी विचारले नाही. पिटमध्ये उतरल्यावर त्यांनी चाकातून दिसणाऱ्या डिस्ककडे बराच वेळ बघितले. गरम लोखंडाला हात लावण्याची चूक त्यांनी केली नाही.

रविवारी मुक्काम करून सोमवारी संध्याकाळी बेडकी आपल्या चाकांवर गावात आली. बाईने भाकरतुकडा ओवाळून टाकला, आधी माझ्यावरून, मग बॉनेटवरून. शेडपाशी चार माणसे जमली होती. नानांनी त्यांना ट्रॅक, पांढरी गाडी, ट्रक हे सगळे क्रमाने सांगितले आणि शेवटी म्हणाले, "सगळा खेळ ब्रेकाचा हाय. इंजिन काय, कुनाचंबी पळतं. आन् ब्रेक कशानं टिकले म्हाईत हाय का? खंडेनवमीला करडईचं त्येल घातलं होतं मी. घान्याचं. बाजारचं न्हाई चालत."

संभाने खाली बघून चपलेने माती उकरायला सुरुवात केली. बाई दारात होती. तिने माझ्याकडे बघितले.

"व्हय, नाना," मी म्हणाले.

पुण्याच्या माणसाचा फोन दुसऱ्या दिवशी आला. नानांनी त्याला, गाडी द्यायची नाही, पोरीची हाय, असे सांगून फोन ठेवला आणि चहा मागितला.

पुढच्या वर्षी खंडेनवमीच्या आधी मी एक व्यवस्था केली. गाडीच्या जुन्या, झिजून गेलेल्या दोन डिस्क घासून पुसून पाटावर मांडल्या आणि नानांना सांगितले, पूजेच्या डिस्क या. त्यांना ते पटले. देवाचे वेगळे आणि वापराचे वेगळे असतेच. शेवटच्या वर्षापर्यंत त्यांनी त्या दोन डिस्कना दोन्ही बाजूंनी, बोट जाईल तिथवर तेल चोळले. आता ते काम माझ्याकडे आहे. बेडकीचे इंजिन मध्यंतरी एकदा पूर्ण उतरवून बांधले आहे, रेडिएटर दुसरा आहे, नरसाळी मात्र तीच. घाण्याचे तेल अजून केजला मिळते. दरवर्षी सुटी काढून मी गावी जाते, उघड्या लोखंडाला तेल लावते, हळदकुंकू वाहते, झेंडूचे फूल ठेवते. गाडीची चाके त्या आठवड्यात मी काढत नाही.